चेंडूशिवायची मॅच

टेर होट, इंडियाना
९ जानेवारी १९८८

चि. लोरीन हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, केकही पोचला. केक डॉक्टरांच्या कानावर न घालता संपवला.

ट्वायलाचं शाळेचं शेवटचं वर्ष निम्मं सरलं आणि तुम्ही मायलेकी वाट बघत बसलात, कॉलेजवाले दारात येऊन उभे राहतील म्हणून. कोणी येत नसतं. मी उभा जन्म शाळेतल्या पोरांना बास्केटबॉल शिकवला, त्यातला निम्मा वेळ कॉलेजांच्या कोचना पत्रं लिहिण्यात गेला. तुमच्या गावाकडे तर हरणाच्या शिकारीशिवाय कोणी वाट वाकडी करत नाही. तेव्हा सांगतो तसं कर. एका अख्ख्या मॅचची व्हिडिओ कॅसेट काढून पाठव. सोबतचं पत्र ट्वायलाने स्वतः लिहायचं, आईने नाही. आणि मामा कोच होता हे कुठेही येऊ द्यायचं नाही. माझ्याशी भांडलेले बरेच जण अजून नोकरीत आहेत.

स्कॉलरशिप मिळाली नाही तर पोरगी उन्हाळ्यात कारखान्यात तुझ्या शेजारी उभी राहून टर्की पक्षी सोलत असेल. तिचा बाप, अर्ल, असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं, फक्त ओरडून.

लोभ आहेच, वाढवायला हरकत नाही.

तुझा,
वेन्डेल

२३ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कॅसेट सोबत आहे. कॅमेरा आमच्या पाद्रीबाबांचा. मी पहिल्या रांगेत बसून काढलं. खांदा भरून आला, पण क्षणभरही कॅमेरा खाली ठेवला नाही. ट्वायला छान खेळली, फक्त शेवटच्या भागाच्या सुरुवातीलाच तिचे पाच फाउल झाले आणि पंचाने तिला बाहेर बसवलं. तो पंच तुझ्या ओळखीचा असेल तर ओळख तोड.

आयोवातल्या एका कॉलेजच्या कोचबाईंचा पत्ता ट्वायलाने मिळवला. त्यांना एक प्रत लगेच धाडली. तुला विचारत बसले असते तर उन्हाळा आला असता.

केक मी तुझ्या शेजाऱ्यांसाठीही पाठवला होता, हे आता सांगून उपयोग नाही. तरी लोभ ठेव.

तुझी,
लोरीन

१ फेब्रुवारी

चि. लोरीन हिस,
आशीर्वाद. राग खाली वेगळा लिहितो.

कॅसेट दोनदा बघितली, कारण पहिल्यांदा मला वाटलं टीव्ही बिघडला. अख्ख्या मॅचमध्ये चेंडू नाही! ट्वायलाच्या हातात येतो तेवढा दिसतो, तिने तो दुसरीला दिला की गेला तो गेलाच. बास्केट झाली की नाही हे तिच्या तोंडावरून ओळखायचं. मध्यंतरात तू कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर कॅमेरा धरलास. बंद दार, लोरीन. ती बाहेर बसल्यावर तर शेवटपर्यंत नुसता बाक. मॅच कोणी जिंकली हे मला तुमच्या न्हाव्याला फोन करून विचारावं लागलं. शिवाय मधूनमधून तुझा आवाज येतो, स्वेटर घाल म्हणून.

कोच दोन मिनिटं बघतात आणि कॅसेट बाजूला टाकतात. आयोवा गेलं असं समज. पुढच्या मॅचला सगळ्यात वरच्या रांगेत बस, पूर्ण मैदान दिसू दे आणि तोंड बंद ठेव.

लोभ कमी झालेला नाही, एवढंच.

वेन्डेल

९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पुढची मॅच नाही. आम्ही हरलो, सीझन संपला. आहे ती कॅसेट एवढीच.

ट्वायलाने तुझं पत्र वाचलं. तेव्हापासून माझ्याशी अबोला. जेवताना मीठ हवं असलं तर कुत्र्याला सांगते. पोरीचं नशीब मी माझ्या हाताने घालवलं असं वाटतं रे. अर्ल गेल्यापासून माझी नजर तिच्यावरून हलत नाही, हे मला ती कॅसेट बघेपर्यंत माहीतच नव्हतं. चेंडू कुठे होता ते मला खरंच आठवत नाही.

कारखान्यात मुकादमाने विचारलं, पोरगी जूनपासून येणार ना. मी बघू म्हणाले आणि दिवसभर मान वर केली नाही.

माझ्यावर लोभ नसला तरी तिच्यावर असू दे.

लोरीन

१३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आयोवाच्या कोचबाई, मिसेस हॅडॉक, काल आमच्याकडे येऊन गेल्या. बर्फातून स्वतः गाडी हाकत आल्या. बीन्स आणि मक्याचा ब्रेड दोनदा मागून खाल्ला. म्हणाल्या, चेंडू दिसणाऱ्या कॅसेटींनी माझं ऑफिस भरलंय, आणि त्यातली प्रत्येक पोरगी बास्केट करते. पण बाहेर काढल्यावर पोरगी काय करते, हे कोणी काढून पाठवत नाही. कॅसेटमध्ये बाकावर बसल्यावर ट्वायलाने क्षणभर टॉवेलमध्ये तोंड खुपसलं. मग तिच्या जागी गेलेल्या लहान पोरीला, खेळ थांबला की प्रत्येक वेळी, कुठे उभं राहायचं ते बोटांनी दाखवत राहिली. दमून येणारीला स्वतःची जागा दिली. बाईंना तेवढंच बघायचं होतं. बंद दार आलं तेव्हा मात्र त्यांनी कॅसेट पुढे पळवली.

फी, राहणं, जेवण, सगळं कॉलेजकडून. कागदावर आईचीही सही लागते. केली. जरा वाकडी आली, बाई म्हणाल्या चालेल.

त्या गेल्यावर भांडी पुसताना ट्वायलाने विचारलं, आई, तू एकटी पडशील, मी राहू का इथेच? मी म्हटलं, जा बाई, मला शिवणयंत्र घ्यायचंय, ते तुझ्या खोलीत ठेवीन. ती म्हणाली, मग खिडकीपाशी ठेव, तिथे उजेड चांगला येतो. आणि पाठ फिरवून तीच बशी पुन्हा पुसायला लागली.

दादा, मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. हे तिला चांगलं माहीत आहे.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. या वेळी मात्र खरंच असू दे.

तुझी,
लोरीन