मारुतीला मिशी नव्हती

पेण, शनिवार. माघ सरत आला.

आज नातीला, चंदीला, सिनेमाला नेलं. माझा लेक मारुती तापानं गेला तेव्हा ही पोर पाळण्यात होती. घरात त्याचा एक फोटो नाय. पण त्याच्या आदल्या साली आमच्या मिठागरावर सिनेमावाले आले होते. संपाचा देखावा होता. पोलिसाची लाठी खाऊन मारुती मिठाच्या राशीवर पडतो आणि त्याचं तोंड पडदाभर दिसणार, असं तोच सांगायचा. तो सिनेमा आता कुठं पेणला लागला.

सून बोलली, "मला नाय बघवायचं. तुम्हीच जा."

चंदीची भुणभुण, "आजे, बाबा कधी येणार?" मिठागर आलं, राशी आल्या, आणि एकदम हिरोईन नाचायला लागली. मारुती कुठाय?

मध्यंतरात दारावरच्या माणसाला धरलं. तो बोलला, "आजी, पोलीस मारताना दाखवणं कायद्यात बसत नाय. वरून कात्री लागली."

"कात्रीवाल्याला सांग, लाठी खोटी होती. पोरगा तेवढा खरा होता."

तो तरी काय करणार? परत आत जाऊन बसले. मुकादमाचं काम करणारा एक मिशाळ बाप्या पडद्यावर आला, तशी चंदीनं बोट दाखवलं. "आजे, तेच ना गो बाबा?"

व्हय बोलले. का बोलले? मारुतीला मिशी कधी फुटलीच नाय धड.

घरी येऊन पोर आईला सांगते, "बाबांना केवढ्या मिशा!"

सून माझ्याकडं बघत राहिली. मग खाली वाकून फुंकणीनं चूल फुंकत बसली. चूल चांगली भडकलेली होती.