घरात कायम राहणारे किती

एश्बॉर्न, जर्मनी, २ सप्टेंबर २०२४

सौ. स्वरूपास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. माझ्या खोकल्याला एक ओळ आणि बाकी सगळा पुष्कर!

मावसभाऊ म्हणून गप्प होतो. तो डार्मश्टाटला पीएचडी करतो आणि मी हॉटेलात तंदूर सांभाळतो, हे गावाला ठाऊक आहे. घराचा विषय तरी माझा राहू दे. जांभ्याचं घर पाडून गॅलरीवालं स्लॅबचं बांधीन, हे मी लग्नात बोललो होतो. आता तू लिहितेस, भावोजी पाडू नका म्हणतात.

काल तो जेवायला आला, तेव्हा विचारलंच. मध्येमध्ये जर्मनात ‘या, गेनाऊ’, म्हणजे ‘हो, अगदी बरोबर’, करत समजावत बसला. सिमेंट, लोखंड, वाळूचा ट्रक, पुढे पंखे, फ्रिज, सगळ्यातून हवेत किती कार्बन जाईल ते आधी मोजायचं. वर पन्नास वर्षांनी घर पाडतानाचाही धरायचा! अजून पायाला नारळ फुटला नाही अन् हा पाडायच्या गोष्टी करतो. ऐकता ऐकता माझे नान जळले.

आणि तू टेप धरून त्याला फोनवर भिंतींची मापं देतेस, हे मला त्याच्याकडून कळावं? माझ्याशी बोलताना तुला लगेच झोप येते. दसऱ्यानंतर घर पाडायला माणसं येतील, बाबांना सांगितलंय.

त्याच्यावर करून उरला, तर थोडा लोभ इकडेही असावा.
मयुरेश


लांजा, १५ सप्टेंबर

अहो,
शि. सा. न. वि. वि.

तंदूर तिकडे आणि चटके इकडे! फोनवर आई शेजारी असतात, म्हणून मला झोप येते. भावोजींना मापं देताना टेपचं दुसरं टोक आईंनीच धरलं होतं, विचारा हवं तर.

जुन्या भिंती ठेवून मागे एक खोली वाढवली, तर कार्बन पुष्कळ कमी. पण हिशोब एका आकड्याशी अडलाय. तो माणशी काढतात म्हणे. घरात कायम राहणारे किती, असं भावोजींनी विचारलं. आई, बाबा, मी, एवढं म्हणून मी थांबले. तुम्हाला धरू की नको, मला सांगता येईना.

गॅलरी मला नको. तिथे उभी राहून नुसती वाटच बघायची ना? पाडायचं तर पाडा, पण तो आकडा तुम्ही कळवा.

लोभ होता तेवढाच आहे, कुणाला वाटलेला नाही.
तुमची स्वरूपा


एश्बॉर्न, २९ सप्टेंबर

सौ. स्वरूपास,
अ. उ. आ.

बाबांना फोन करून माणसं थांबवली. जांभा राहू दे. माझा इथला करार मार्चला संपतो, तो पुढे वाढवू नका म्हणून मालकाला सांगितलं.

आकडा चार धर. नको, पाच धर.

पुष्करला तू फोन करू नकोस. मीच सांगतो.

सगळा लोभ इकडेच असावा.
मयुरेश