धुराडं विझवावं की नाही

५ नोव्हेंबर

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आमच्या पलीकडचं कोळशाचं वीजकेंद्र आत्ताच बंद करायचं की उन्हाळ्यापर्यंत चालवायचं, याचा अभिप्राय वीजखात्यात तू लिहिणार हे वाचून आधी हसू आलं. फ्यूज बदलायला घाबरणारा तू! मग लगेच हे पत्र लिहायला बसले.

सासूबाई आता सदानकदा प्राणवायूच्या यंत्रावर असतात. त्या धुराड्याच्या धुरानेच फुप्फुसं गेली, असं डॉक्टर म्हणाले. ते विझू दे म्हणून मी रोज देवाला विनवायचे. आता त्याच्याच विजेवर यंत्र चालतं, तेव्हा आदलं मागणं मागे घेतलंय. देव काय म्हणत असेल कोण जाणे! उन्हाळ्यात सौरविजेच्या बॅटऱ्या येईपर्यंत केंद्र चालू ठेव. विनंती समज, नाहीतर हुकूम.

बाकी सगळी बरी आहेत.

तुझ्या मायेची भुकेली,
ताई

९ नोव्हेंबर

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

हुकूम पोचला. वीज स्वस्त, भरवशाची आणि स्वच्छ हवी, असं धोरणात लिहिलंय. या हिवाळ्यात तिन्ही एकदम जमत नाहीत. केंद्र बंद केलं तर संध्याकाळी वीज जाणार. कुठे, किती वेळ, ते मलाही सांगता येत नाही. चालू ठेवलं तर थंडीत धूर खाली बसणार.

तुझ्यासाठी ‘चालू ठेवावे’ असं लिहून ठेवलंय, अजून दिलं नाही. कारण तुझ्या छकुलीला महिनाभर खोकला आहे असं भाऊजींनी कळवलं. तू तर सगळी बरी आहेत म्हणतेस. खरं काय ते लगेच लिही.

रागावलीस तरी तुझाच,
धाकटा

१३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

खरं आहे. डॉक्टरांनी छकुलीची छाती तपासली. सासूबाईंच्या छातीत सुरुवातीला वाजायचं तसंच वाजतं म्हणाले. चार वर्षांची पोर रे ती. तुला कळवलं असतं तर तू केंद्र बंद केलं असतंस, म्हणून गप्प राहिले.

सासूबाईंना सगळं कळलं. नाकातली नळी काढून मला झाडलं. माझ्या नावावर पोरीला धूर पाजू नकोस म्हणाल्या. मी म्हटलं, आधी नळी लावा, मग काय ते रागवा. त्या हसल्या, आणि हसण्यानेच धाप लागली.

प्राणवायूची एक टाकी मिळाली आहे. दोन-तीन तास पुरेल म्हणतात. वीज त्याहून जास्त वेळ गेली तर काय, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

बंद करावे, असं लिही.

हे पत्र पेटीत टाकायला यांना पाठवतेय. मी गेले तर अर्ध्या वाटेतून परत येईन.

काही झालं तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई