मुक्काम पोस्ट, सध्या कुठेच नाही

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खूप दिवसांत पत्र नाही म्हणून रागावली असशील. दुकानाची दुरुस्ती निघाली आहे. काम मोठं आहे, त्यामुळे सध्या मी दुकानात नाही आणि वरच्या माळ्यावरही नाही. एका ओळखीच्या बाईंकडे उतरलो आहे. प्रशस्त हॉल, उंच छत, ओळीने चाळीस खाटा. जेवण ठरल्या वेळी. बाई आमच्या तब्येतीबाबत फार काटेकोर आहेत. सकाळी सातच्या ठोक्याला सगळ्यांना मोकळ्या हवेत पाठवतात आणि संध्याकाळपर्यंत आत घेत नाहीत. चालणं वाढलं, पोट उतरलं.

माझी कात्री-वस्तऱ्याची पेटी मात्र त्यांना आत चालत नाही. ती स्टेशनच्या फाटकाशी बसणाऱ्या किल्लीवाल्याकडे ठेवली आहे. माणूस भला आहे. तू पत्रही त्याच्याच नावे पाठव. दुकानाच्या पत्त्यावर नको, उगाच धुळीने खराब होईल.

तुझे गुडघे कसे आहेत? वसतिगृहातल्या बायकांचं शुद्धलेखन अजून तपासतेस का? मी मजेत आहे. लोभ आहे तसाच असू दे, आणि फार प्रश्न विचारू नकोस.

तुझा,
धाकटा

दि. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चौतीस वर्षं शाळेत काढली, त्यातली बारा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. 'पोट दुखत असल्यामुळे काल येऊ शकलो नाही' या चिठ्ठीतलं पोट खरं की खोटं, हे मला नुसत्या अक्षरावरून कळतं. तुझं पत्र दोनदा वाचलं. चाळीस खाटा, सातला बाहेर, धारदार वस्तूंना बंदी. असं ठिकाण एक तर तुरुंग असतं, नाहीतर बेघरांचा निवारा. तुरुंगात असतास तर रोज सातला बाहेर सोडलं नसतं.

शिवाय माझं मागचं पत्र परत आलं. पोस्टमनने पाकिटावर शेरा मारलाय, 'इमारत नाही'. 'माणूस नाही' असे शेरे मी पाहिलेत. इमारतच नाही, हा पहिलाच.

तू का लपवलंस तेही कळतं. माझ्याकडे तरी काय आहे? निवृत्त बायकांच्या वसतिगृहात अर्धी खोली. उरलेल्या अर्ध्यात दुसऱ्या एक निवृत्त बाई आणि त्यांचं घोरणं. पुरुष पाहुण्यांना रविवारी चार ते सहा, तेही व्हरांड्यात. तरी अधीक्षिकेला विचारून पाहिलं, की सख्खा भाऊ आठ दिवस राहिला तर चालेल का. त्या म्हणाल्या, सख्खा असला तरी पुरुषच ना.

आता खरं काय ते लिही. पहिल्यापासून, आणि समास सोडून.

तुझ्यावर चिडलेली, पण तुझीच,
ताई

दि. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. आज त्यातला नमस्कार खरोखरच शिरसाष्टांग समज.

पकडलंस. इमारत धोकादायक ठरली. आठ दिवसांची नोटीस, नवव्या दिवशी यंत्र आलं. बाकी भाडेकरूंना दुसरीकडे जागा मिळाल्या. माझी पावती नुसत्या दुकानाची. माळ्यावर वीस वर्षं झोपलो, पण ते झोपणं बेकायदा होतं म्हणे, त्यामुळे मी तिथे राहतच नव्हतो. राहत नव्हतात तर बेघर कसे झालात, असं खिडकीतल्या कारकुनाने विचारलं. मलाही क्षणभर पटलं. कागदपत्रं माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात होती. डबा आणायला धावलो, तोवर जिना गेला होता.

आता गंमत ऐक. एका सलूनमध्ये काम मागितलं, तर मालक म्हणाला, आधी रहिवासी कार्ड आण. कार्डाच्या खिडकीवर म्हणाले, आधी पत्ता आणा. खोली बघायला गेलो, तर घरमालक म्हणाला, आधी नोकरीचं पत्र आणा. तिघेही सज्जन, आणि तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. निवाऱ्याचा पत्ता चालत नाही, कारण पत्त्यावर नव्वद दिवस राहिलेलं असावं लागतं, आणि निवाऱ्यात तीसच दिवस ठेवतात. मग कोणी सांगितलं, बेघर असल्याचा दाखला मिळतो, तो घ्या. अर्ज केला. मंजूर झाला की दाखला टपालाने घरच्या पत्त्यावर येणार आहे.

तू हस, माझं हसून झालं आहे. आणखी एक. कार्डाची खिडकी दुपारी दोन ते चार उघडी असते, आणि खाटेची रांग तीनला लागते. म्हणजे रोज जेवल्यावर ठरवायचं, आज कागद हवा की खाट.

कार्ड नाकारल्याचं पत्र सोबत जोडलं आहे. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. लोभ असावा, आणि काही सुचत असेल तर तेही कळवावं.

तुझा,
धाकटा

दि. १८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आनंदाची बातमी! त्या पत्राखालची सही मी ओळखली. कचेरीचा मुख्य अधिकारी माझा विद्यार्थी आहे. सातवी ब, शेवटचा बाक. सहीला तेव्हाही असंच शेपूट असायचं.

पत्र मात्र लाजिरवाणं आहे. अकरा ओळींत सतरा चुका. एका वाक्याला तर कर्ताच नाही. कर्ताच नसेल तर काम करणार कोण? मी सगळं लाल शाईने नीट केलं, खाली पन्नासपैकी नऊ गुण दिले, आणि त्याच्याच नावे रजिस्टर पोस्टाने परत पाठवलं. सोबत दोन प्रेमाच्या ओळी लिहिल्या, की हा माझा धाकटा भाऊ, याचं काम कर. बाईंचा शब्द विद्यार्थी मोडत नसतात.

तेव्हा आता निर्धास्त मनाने जा. आंघोळ करून जा. नखं काप. आणि खाटेसाठी घाई करून अर्धवट परत येऊ नकोस.

काळजी निम्मी झालेली,
ताई

दि. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा विद्यार्थी भेटला. आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि तुझा लाल कागद टेबलावर ठेवला. अख्खी कचेरी तो पाहून गेली होती. शिपायाने तर मला पाणी देताना हळूच विचारलं, नऊच का. अधिकारी मात्र आदराने बोलला. म्हणाला, पटावर नाव नाही तोवर वर्गात बसायचं नाही, हे मला बाईंनीच शिकवलं. तुमचं नाव अजून पटावर नाही. आणि सरकारी कागदावर कोणी काही लिहून परत पाठवलं की ती तक्रार धरली जाते. त्यामुळे माझा अर्ज आता तक्रार शाखेत गेला आहे. तिथे सहा महिने लागतात.

तुझ्यावर राग नाही, खरंच. पण परवाचं सांगतो आणि मग तो विषय पुन्हा काढत नाही. स्टेशनसमोरच्या बाकावर बसलो होतो. एक गृहस्थ आले. अकरा वर्षं दर रविवारी मी त्यांची दाढी केली आहे. हनुवटीखाली डाव्या बाजूला तीळ आहे, तिथे वस्तरा अलगद फिरवावा लागतो. त्यांनी पावाचा पुडा माझ्या मांडीवर ठेवला आणि तोंडाकडे न बघता पुढे गेले. हाक मारणार होतो. पण हाक मारून सांगायचं काय? पाव खाल्ला. ताजा होता.

चार दिवसांनी माझे तीस दिवस भरतात. पुढे कुठे ते ठरलं की कळवेन. किल्लीवाला आहेच. तू गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा,
धाकटा

दि. २६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि लाल पेनाला टोपण लावून ठेवलं.

तो मुलगा मला आठवतो. जुन्या शाळेचा दाखला आला नव्हता म्हणून मी त्याला चार दिवस वर्गाबाहेर उभा केला होता. दाराशी उभा राहून तो तिथूनच फळ्यावरचं उतरवून घ्यायचा. नियम पाळला, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. परवापर्यंत वाटत होता.

उद्या पहिल्या गाडीने निघते. किल्लीवाल्याशी थांब. हे पत्र बहुधा माझ्यानंतरच पोचेल. तरी लिहिते आहे, कारण तोंडाने क्षमा मागायची मला सवय नाही. माझं चुकलं.

ताई

दि. १२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू जाऊन दहा दिवस झाले, पण इथे अजून तुझाच विषय आहे. निवाऱ्याच्या भिंतीवरची नियमावली तू चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलीस. आजवर ती कोणीच वाचली नव्हती, खुद्द निवारा चालवणाऱ्या बाईंनीही नाही. नियम चौदा: निवासींनी धारदार वस्तू आत आणू नयेत, कर्मचारी वगळून. स्वयंपाकघरात सुरी चालवणारा कर्मचारी असतो, तर कात्री चालवणारा का नसावा, असं तू विचारलंस, तेव्हा बाई उठून भिंतीशी गेल्या आणि बोट ठेवून नियम वाचू लागल्या; आता दोघांनाही बाहेर काढतात असं मला वाटलं. मग म्हणाल्या, इथली माणसं नोकरी मागायला दाढी वाढवून जातात आणि तशीच परत येतात, हे मी सहा वर्षं बघते आहे. आणि तू लिहिलेल्या नेमणूकपत्रावर त्यांनी सही केली. 'केशकर्तन सेवक'. ताई, वीस वर्षं मी स्वतःला नुसता न्हावीच समजत होतो! कर्मचाऱ्याला तीस दिवसांची मर्यादा नाही. धान्याच्या कोठीत माझी खाट टाकली आहे.

तुझ्या विद्यार्थ्याशी तू काय बोललीस ते मला कळलं नाही, मी बाहेर बाकावर होतो. एवढंच पाहिलं, की तो डोळे पुसत दारापर्यंत आला आणि तू नाक पुसत. सोमवारी मी नेमणूकपत्र घेऊन गेलो. त्याने अर्ज तक्रार शाखेतून स्वतः जाऊन आणला. नियम त्याने मोडला नाही. नियमातच एक पोटकलम आहे, राहता पत्ता नसल्यास कामाच्या ठिकाणचा चालतो. मला ते कोणी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. मी विचारलं नाही, कारण ते आहे हेच मला माहीत नव्हतं. कार्ड महिनाभरात येईल. निघताना त्याने जरा लाजत सांगितलं, की ते पत्र कारकुनाने लिहिलं होतं, तेव्हा ते नऊ गुण बाईंनी माझ्या नावावर धरू नयेत.

आतापर्यंत सव्वीस डोकी झाली. एका म्हाताऱ्याने कितीतरी महिन्यांनी आरसा पाहिला आणि आरशातल्या माणसाला चक्क नमस्कार केला. दोघांना नोकऱ्या लागल्या. त्यातला एक आता पहारेकरी आहे आणि भेटला की मलाच हटकतो.

लोभ इतका केलास, की आता वाढवायला जागा नाही.

तुझा,
धाकटा

दि. ६ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या दोन्ही पत्रांची उत्तरं राहिली, कारण घर लावत होतो. होय, घर! कार्ड आलं, त्यावर सलूनवाल्याने सकाळचं अर्ध्या दिवसाचं काम दिलं. दुपारी निवाऱ्यात असतोच. सलूनच्या आणि निवाऱ्याच्या नेमणूकपत्रांवर खोली मिळाली. दुसरा मजला, एक खिडकी, नळ आत. किल्लीवाल्याने दुसरी किल्ली करून दिली आणि म्हणाला, जन्मभर लोकांना किल्ल्या दिल्या, पण तेव्हा तुमची पेटी परत देताना पहिल्यांदाच वाईट वाटलं.

पहिल्या सकाळी सातला जाग आली, तसा चादर घडी करून खाली उतरलो आणि पायरीवर जाऊन बसलो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, किल्ली हरवली का. नाही म्हटलं, तर म्हणाल्या, मग वर जा ना. गेलो. कोणीतरी 'वर जा' म्हणायला लागलं, एवढंच.

पत्ता पाठीमागे लिहिला आहे. नीट वाचता यावा म्हणून तीनदा लिहून पाहिला.

तुझा,
धाकटा

दि. ११ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्ता वाचला. चूक एकही नाही.

वसतिगृहाबाहेर राहायचं तर अधीक्षिकेकडे छापील अर्ज भरून द्यावा लागतो. कोणाकडे राहणार, नातं काय, पूर्ण पत्ता. सुट्टीत इथल्या सगळ्या जणी तो भरून जातात. मी दहा वर्षांत एकदाही घेतला नाही. मला इथली शांतता आवडते, असं सांगत आले. ते खरं नव्हतं. जायला ठिकाण नव्हतं. तुझ्या माळ्यावर मला चढता आलं नसतं, आणि दुसरं मला होतं कोण? तू पंधरा दिवस जे लपवलंस, ते मी दहा वर्षं लपवलं.

आज अर्ज घेतला. 'सख्खा भाऊ' लिहिलं आणि खाली तुझा पत्ता लिहिला, मजल्यासकट. अधीक्षिका म्हणाल्या, किती दिवस राहणार ते लिहिलं नाहीत. मी म्हटलं, ते भाऊ ठरवेल, घर त्याचं आहे.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. खुर्ची एकच असली तर मी बसेन, तू उभा राहा. तुझा धंदाच उभ्याने करायचा आहे.

तुझी पाहुणी,
ताई