माकडाच्या उंबऱ्यात वाघ

नाम दिन्ह,
तोआनच्या मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानातून

तीर्थस्वरूप थोरले दादा थिन्ह यांना,

धाकट्या लामचा वाकून नमस्कार. तुमची तब्येत ठणठणीत असेल, मोठ्या काकांचे गुडघे प्रागच्या थंडीत कुरकुरत नसतील आणि काकूंनी अजून मला माफ केलं नसेल, असं धरून चालतो. (वयानं तुम्ही माझ्याहून लहान. मी वाघाच्या वर्षातला, तुम्ही मागून आलेल्या ड्रॅगनच्या. पण तुमचे बाबा माझ्या बाबांचे थोरले भाऊ, तेव्हा तुम्ही पाळण्यात होता तेव्हापासून माझे दादा आहात. आपल्या देशात पहिल्यांदा येताय म्हणून हा पहिला सल्ला: इथे भेटल्या भेटल्या कुणी वय विचारलं तर चिडू नका. समोरच्याला दादा म्हणायचं की काका हे ठरल्याशिवाय इथे कुणाला तोंडच उघडता येत नाही. पुढे पगार विचारतील, मग लग्नाचं. तो मात्र निव्वळ भोचकपणा.)

तुमचं पत्र कंदिलांच्या पौर्णिमेला आलं होतं आणि उत्तर ‘उद्या लिहू’ म्हणता म्हणता वर्ष संपत आलं, हे कबूल करतो. कारण देणार नाही. म्हणजे एकच देतो. मधल्या काळात मी दा नांगला नारळ विकले, मग ह्युएला एका नावेवर परदेशी पाहुण्यांना राजांचा इतिहास सांगितला. इतिहास मला येत नव्हता, त्यांनाही येत नव्हता, त्यामुळे सगळे समाधानी होते. शेवटी एक खरा प्राध्यापक नावेत बसला आणि माझी नोकरी बुडाली. नाव मात्र तरंगत राहिली.

तर तुमचे प्रश्न. रस्ता कसा ओलांडायचा? सोपं आहे. रस्ता मोकळा व्हायची वाट पाहू नका, तो तुमच्या नातवंडांच्या काळातही होणार नाही. हळूहळू, एका चालीनं चालत सुटा. मोटारसायकली तुम्हाला वळसा घालून जातात, ओढ्यातलं पाणी दगडाला घालतं तसा. फक्त मध्येच थांबू नका, पळू नका आणि मागे वळू नका. मागे एकदा एक जर्मन बाई मधोमध डोळे मिटून उभ्या राहिल्या. शेवटी एका भाजीवालीनं त्यांना हाताला धरून पलीकडे नेलं आणि दोन जुड्या कोथिंबीरही विकली. भाव कसा करायचा? हसत करा, पण सकाळी दुकान उघडल्या उघडल्या करू नका. पहिल्याच गिऱ्हाइकानं घासाघीस करून काहीच घेतलं नाही, तर बोहनी बिघडते आणि तुमची पाठ वळताच दुकानदारीण कागद पेटवून तुमची अवदसा धुरात घालवते. (तुम्हाला वाटेल, काय सुंदर परंपरा! फोटोही काढाल.) निळी नोट देताना दोनदा बघा, सगळ्यांत मोठी आणि अगदीच किरकोळ अशा दोन्ही नोटा निळ्याच आहेत. जेवायच्या काठ्या भातात उभ्या खोचू नका, तशा उदबत्त्या मेलेल्यांपुढे खोचतात. कुणाच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवू नका. वस्तू दोन्ही हातांनी द्या. आणि नववर्षाच्या सणात, म्हणजे तेतमध्ये, कुठलंही दुकान, खानावळ, बस चालू असेल या भ्रमात राहू नका. देशभर कुलूप असतं. हे एवढं ज्याला कळत नाही त्या माणसानं घराबाहेर पडूच नये.

तेतवरून आठवलं. पहिल्या दिवशी घरात झाडू मारत नाहीत, घरात आलेलं नशीब केराबरोबर बाहेर जातं. भांडं फोडत नाहीत. आणि वर्षातलं पहिलं पाऊल घरात कोण टाकतो त्यावर त्या घराचं सगळं वर्ष ठरतं, म्हणून तो माणूस आधीच ठरवून ठेवतात. दाओ आत्याचा माणूस म्हणजे क्वी मास्तर, निवृत्त हेडमास्तर. माणूस तरी कसा! बायको हयात, मुलगा-मुलगी दोन्ही, पोट पुढे, चेहरा हसरा, डोक्यावर कर्ज नाही आणि जन्म उंदराच्या वर्षी. आत्या माकडाच्या वर्षातली. माकडाला उंदीर चालतो, ड्रॅगन तर फारच मानवतो. वाघ मात्र समोरसुद्धा नको.

आता मागच्या तेतला काय झालं ते माझ्या बाजूनं ऐका, दुसरी बाजू तुम्ही पोचल्या पोचल्या आत्या ऐकवेलच. मी दक्षिणेकडून येत होतो. बस रात्रीच पोहोचायची, ती वाटेत रुसली आणि मी पहिल्या दिवशी सकाळी गल्लीत उतरलो. वाटेत कुणीतरी खेकड्याचा रस्सा दिला होता. (दुसरा सल्ला: वाटेत कुणी खेकड्याचा रस्सा दिला तर...) असो. क्वी मास्तर नवा कोट घालून, फाटकाशी उभे राहून, आत जाण्याआधी चेहऱ्यावर हसू बसवत होते. आत्या आत हात जोडून वाट बघत होती. आणि त्या दोघांच्या मधून, माझ्या पोटाच्या आज्ञेवरून, मी थेट परसातल्या संडासाकडे धावलो. माकडाच्या उंबऱ्यात वाघ! बाहेर आलो तर कुणी बोलेना. मला वाटलं, फार दिवसांनी आलो म्हणून गहिवरलेत. आपण हातभार लावावा म्हणून टेबल आवरायला गेलो, तर एक वाडगा फुटला. पसारा नको म्हणून मी तो झाडूनही टाकला.

‘अरे मेल्या,’ आत्या म्हणाली, ‘वर्षभर कुठे उलथला होतास तिथे उलथला होतास, मुरडा बरा आजच आला तुला!’

मास्तर म्हणाले, ‘दाओताई, आता मी आत येऊन काय उपयोग?’ आणि तसेच घरी गेले, हसू चेहऱ्यावर ठेवून. ते उतरवायला त्यांना बराच वेळ लागला म्हणतात.

मग वर्षभर जे झालं ते माझ्या नावावर चढलं. आत्याची दाढ किडली, लाम. फ्रीज बंद पडला, लाम. आमच्या फोच्या, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांच्या, दुकानासमोर रस्ता खोदला आणि गिऱ्हाईक पलीकडच्या तळलेल्या कोंबडीच्या दुकानात वळलं, लाम. आमचा कुत्राही तिकडेच राहायला गेला. आता तो जाडजूड झालाय आणि मला ओळख देत नाही. भरीला मी ह्युएहून परतल्यावर माझा फोन हाडांच्या रश्श्याच्या मोठ्या पातेल्यात पडला. (रस्सा ओतून द्यावा लागला. फोनला मात्र आजतागायत मस्त वास येतो.) त्या दिवशी आत्यानं मला बाहेर काढलं. म्हणाली, एरवी ये, काम कर, जेव, पण तेतच्या पहिल्या तीन दिवसांत या गल्लीत तुझी सावली दिसली तर बघ. समोरच्याच गल्लीत तोआनचं दुकान आहे. तो सणाला गावी गेला, तेव्हा टायर आणि मी असे दोघेच इथे राहतो. माझं छान चाललंय. तेतच्या रात्री माणसानं स्वतःच्या लोकांत बसून चिकट भात खायलाच हवा, हा जुनाट हट्ट आहे. टायरचा वास चिकट भातापेक्षा फार वाईट नसतो. तुम्ही मजेत या, ऊबदार कपडे आणा, उत्तरेकडे थंडी असते.

तुमचा आज्ञाधारक,
लाम

ता.क. एक छोटंसं काम. हे पत्र हनोईच्या बसचा ड्रायव्हर तुमच्या हॉटेलात देईल. तुम्ही पहिल्या दिवशी दुपारी गाडी करून आत्याकडे येणार आहात ना? तसं न करता पहाटेच निघा आणि क्वी मास्तरांच्या आधी घरात शिरा. तुम्ही ड्रॅगन, तुमच्या नावाचा अर्थच भरभराट, त्यात परदेशातून आलेले! आत्या आनंदानं रडेल. ती रडत असतानाच म्हणा, ‘लामलाही बोलवा की.’ चिकट भाताचं सोडा, त्याचं काही नाही. देव्हाऱ्यावर माझ्या बाबांचा फोटो आहे. त्यांच्यापुढे तेतला उदबत्ती लावणारा दुसरा मुलगा त्यांना नाही. आत्या लावतेच म्हणा. पण ती उदबत्ती लावता लावता त्यांच्याजवळ माझ्या तक्रारी करते, तेव्हा माझी बाजू मांडायला कुणीतरी हवं.

ता.क. दुसरा. शेवटची बस काल दुपारीच गेली. सणात बस बंद असतात हे ज्याला कळत नाही त्या माणसाविषयी मी वर जे लिहिलंय ते कृपया वाचू नका. पत्र माझ्याच खिशात आहे.

ता.क. तिसरा. आज पहिला दिवस. सकाळ झाली, गल्लीतून मास्तरांच्या नव्या बुटांचा आवाज गेला आणि आत्याचं ‘या, या’ इथवर ऐकू आलं. म्हणजे ड्रॅगनची सोय संपली. तुम्ही दुपारी आलात की पत्र हातातच देईन, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी उभा राहून. एवढं लिहितोय तोच कुणीतरी शटर ठोठावलं. टायर बदलायला आज कोण येणार म्हणून वर केलं, तर दाओ आत्या! नव्या रेशमी पोशाखात. मी काही बोलायच्या आत तिनं उजवा पाय उचलून दुकानात ठेवला.

‘बघतोस काय? वाघाच्या घरात माकडाचं पहिलं पाऊल. बुडालं तुझं वर्ष.’

मग इकडेतिकडे बघून तिनं तोआनचा चहाचा पेला उचलला आणि शांतपणे जमिनीवर सोडला. (तोआनचं वर्ष कसं जाणार ते तो परत आल्यावर बघू.) म्हणाली, ‘आता फिटंफाट. ऊठ, तोंड धू. तुझ्या बापापुढे सकाळपासून नुसता धूर करतेय मी, गप्पच बसलाय तो. तुझीच वाट बघत असेल, हट्टी मेला, तुझ्यासारखाच.’

दादा, इथेच थांबतो. कोपऱ्यातला झाडू आता तिच्या हातात आहे आणि ती मला पाय वर घ्यायला सांगतेय.