बारा पट्ट्या आणि बटर पेपर

३ मार्च, सकाळी १०
बाराही पट्ट्या तयार. रबरासारख्या ताणल्या तरी त्यांतून वीज वाहते. कापल्या तर तुकडे टेकवून ठेवताच आपले आपण सांधतात. पुढेमागे मनगटावर बसवून नाडी मोजता येईल. प्रत्येकीतले मिश्रण वेगळे. बारा तारखेला समितीपुढे प्रात्यक्षिक. त्यावरच माझी फेलोशिप टिकणार आहे. शाळेत सदैव पहिली आलेल्या मुलीस हे अवघड नाही.

दुपारी ४
लॅबमधले काका म्हणाले, पट्ट्या एकीवर एक ठेवताना मध्ये बटर पेपर घाल. तो स्टोअरच्या खिडकीवर मागावा लागतो. खिडकीतला माणूस फार मोठ्याने बोलतो. मी लाजाळू नाही, मितभाषी आहे. पट्ट्या अनुक्रमांकानुसार पेटीत रचल्या. नीटनेटकेपणा पुरेसा असतो.

७ मार्च
पेटी उघडली. बारा पट्ट्यांचा साबणाच्या वडीएवढा एकच ठोकळा झाला आहे. तत्त्वतः हे यशच. माझ्या गाईड बाईंना आजच सांगायचे ठरवले. बाई फोनवर होत्या.

८ मार्च
बाई फोनवर नव्हत्या. म्हणजे कामात असणार.

१० मार्च
बाईंनी जिन्यात विचारले, पट्ट्या कशा आहेत. "एकत्र आहेत," मी म्हणाले. यात असत्य काही नाही. आई फोनवर म्हणाली की मिठाची गुळणी धरून किती दिवस बसणार आहेस. आईला संशोधनातले बारकावे कळत नाहीत.

१२ मार्च, सायंकाळी
अठरा पानांचे निवेदन मुखोद्गत होते. 'आदरणीय'पर्यंत पोहोचले. अध्यक्षांनी सातव्या क्रमांकाची पट्टी मागितली. मी ठोकळ्याच्या साधारण मध्यावर बोट ठेवले. अखेर दाराशी उभे असलेले काका म्हणाले, "साहेब, पोरीचं काम चोख आहे. इतकं सांधलंय की मलाही सोडवता आलं नाही. तिला फक्त कागद मागता आला नाही."
समिती हसली. बाई हसल्या नाहीत. एका महिन्याची मुदत मिळाली. तोवर पुन्हा बारा पट्ट्या, नाहीतर फेलोशिप बंद.
संकल्प: यापुढे स्पष्ट बोलायचे.

८ एप्रिल, दुपारी ३
नव्या बारा पट्ट्या तयार. पहिल्यांपेक्षाही उत्तम सांधतात.
स्टोअरपर्यंत गेले. 'कृपया बटर पेपर द्यावा' हे वाक्य कागदावर लिहून नेले होते. पुढे दोघे होते, म्हणून थांबले. दोघे गेले. खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहिले आणि परत आले.
पट्ट्या पेटीत ठेवल्या. या वेळी जरा सैल रचल्या आहेत.