लाल दोरी कोणी ओढायची?

बर्च लेक, मिनेसोटा
१९ नोव्हेंबर

ती. अर्डिस आत्यास,

लाइलचा नमस्कार. वाकून केला असता, पण कंबर धरली आहे, तेव्हा बसल्याबसल्या केलेला गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? आई म्हणाली, तू फोनवर 'बरा आहे' एवढंच सांगितलंस, म्हणजे चांगलाच दुखत असणार. इकडे सगळं ठीक. तळं गोठायला लागलंय. चर्चच्या जेवणात यंदाही सात जणींनी ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा तोच हॉटडिश आणला आणि सातही भांड्यांत शेवटचा एकेक चमचा तसाच राहिला (शेवटचा घास घेईल तो हावरट, हे तुला मी काय सांगणार). पत्रास कारण तसं काही नाही.

मेडिकल कॉलेजने मला तिसऱ्यांदा मुलाखतीला बोलावलंय. दोनदा हात हलवत परत आलो, आणि हे कॉलेज चौथ्यांदा अर्ज घेत नाही. म्हणजे यंदा जमलं नाही तर जन्मभर वृद्धाश्रमात आजी-आजोबांची नाडी मोजायची आणि आकडा दुसऱ्या कुणाला तरी सांगायचा. यंदा मुलाखतीच्या आधी एक निबंध मागितलाय: तुमच्यात कोणती सुधारणा व्हायला हवी, आणि तिच्यासाठी तुम्ही आजवर काय केलंत? दीडशे शब्द. खरं सांगू, वाचून बरं वाटलं. आपल्या लोकांना स्वतःचं कौतुक लिहायला सांगितलं की घाम फुटतो (गेल्या वर्षी 'सर्वात मोठं यश' या रकान्यात मी 'सहसा वेळेवर येतो' असं लिहिलं होतं), पण दोष म्हणजे आपला हातचा मळ. म्हटलं, जेवणाआधी संपवू.

पहिल्या खर्ड्यात लिहिलं की मी फार कष्ट करतो, हाच माझा दोष. आईने तो वाचला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर आमचं गॅरेज आहे. त्याला मी दोन उन्हाळ्यांपूर्वी अर्धा रंग दिलाय. खर्डा फाडला. मग मला अवदसा आठवली आणि मी आईलाच विचारलं की माझ्यात दोष कोणता. 'तुझ्यात कसला रे दोष,' ती म्हणाली. मग तिने कॉफी गरम केली, खुर्ची ओढून बसली, 'आता विचारतोच आहेस म्हणून' अशी सुरुवात केली, आणि संध्याकाळच्या जेवणापर्यंत बोलत होती. चौदा निघाले. गोठलेल्या तळ्यावर उभी केलेली बाबांची मासेमारीची झोपडी बर्फ वितळायच्या आत ओढून आणली नाही म्हणून ती तळ्यात बुडाली, हा सातवा. आता हा कॉलेजला कसा कळवायचा? पुरावा मागितला तर मला पाण्यात उतरावं लागेल.

मग कामावरही चार जणांना विचारून पाहिलं. निबंध राहिला बाजूला, आणि मंगळवारी कंबरेचं प्रकरण झालं. आमच्या वृद्धाश्रमात टोलेफ्सनकाका म्हणून आहेत, ब्याण्णव वर्षांचे, निवृत्त पोस्टमन, देह मात्र अजून गच्च. त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायचं तर दोघांनी उचलायचं, असा नियम आहे. आमची मुख्य नर्स होदान बाहेर, दहा पावलांवर, गोळ्या वाटत होती. मी म्हटलं, बिचारी कामात आहे, कशाला हाक मारा. एकट्याने उचललं. कंबरेत काहीतरी कट्‌ वाजलं आणि आम्ही दोघं भिंतीला टेकून सावकाश, अगदी सभ्यपणे, जमिनीवर येऊन बसलो. काकांना खरचटलंसुद्धा नाही. मला मात्र हलता येईना. डोक्याशी, ओढली की नर्स धावत येते ती मदतीची लाल दोरी लोंबत होती. काकांचाही हात पोचत होता, माझाही.

मी म्हटलं, काका, ओढू का? ते म्हणाले, माझ्यासाठी नको हो, पोरी जेवत असतील, तुला हवी असली तर ओढ. मी म्हटलं, माझंही तसं बरं आहे, तुम्हाला हवी असली तर ओढतो. आत्या, असं चाळीस मिनिटं चाललं. मधे हवामान झालं, यंदाचे मासे झाले, त्यांच्या टपालाच्या थैलीला चावलेला कुत्रा झाला. काकांचे पाय गार पडायला लागले होते आणि ते मला सांगत होते की जमिनीवर बसून खोली वेगळीच दिसते, छान दिसते.

शेवटी होदान आली. तिने आम्हाला पाहिलं, दोरीला पाहिलं. 'ही काय कपडे वाळत घालायला लावलीय?' तिने विचारलं. काकांना उठवून, पांघरूण घालून झाल्यावर मला म्हणाली, 'गावभर दोष विचारत हिंडतोयस ना? हा बघ. स्वतःसाठी नाही ओढलीस ती नाहीच, त्यांच्यासाठीही नाही ओढलीस. असला डॉक्टर मला नको.'

मला बाबा आठवले. तुझा भाऊ. छातीत कळ येत होती आणि शेजारचे जेवत असतील, त्यांचं होऊ दे मग फोन करू, म्हणून खुर्चीत बसून राहिले. शेजाऱ्यांचं जेवण झालं, वर गोडही खाऊन झालं. मी डॉक्टर व्हायला निघालो तो ते गेल्यानंतर, आणि निघताना त्यांची हीच खोड सोबत घेतली. मी फार थकलोय गं. निबंधाचा पहिला अर्धा भाग एका बैठकीत लिहून झाला: मला मदत मागता येत नाही. पुढे 'त्यासाठी काय केलंत' यापाशी गेले तीन दिवस अडलोय, कारण काहीच केलेलं नाही.

असो. गुडघा शेकत जा. माझी काही काळजी करू नकोस.

तुझा,
लाइल

ता. क. मला कशाचीही गरज नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ता. क. २. मुलाखत पाच डिसेंबरला सकाळी आठ वाजता आहे. कॉलेज तुझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. हे आपलं माहिती म्हणून.

ता. क. ३. मागच्या दोन्ही वेळी मी आदल्या रात्री तुझ्या गल्लीच्या तोंडाशी पिकअपमध्येच झोपलो होतो. तुझ्या स्वयंपाकघरात दिवा दिसत होता. म्हटलं, आत्या दमली असेल. सकाळी चुरगळलेला शर्ट आणि वाहतं नाक घेऊन मुलाखतीला गेलो. प्रवास कसा झाला असं त्यांनी विचारलं, मी दात वाजवत 'बरा झाला' म्हणालो. तू आईला दोनदा विचारलंस ना, लाइल मुलाखतीला आला आणि भेटला कसा नाही. तर असा.

ता. क. ४. आत्या, चार तारखेला रात्री तुझ्याकडे झोपायला येऊ का? सोफा चालेल.

ता. क. ५. नाही चालणार. कंबर दुखते. मला पलंग हवा.